दात्याच्या घरची चूल
देणं-घेणं : लेखांक 6

मागच्या आठवड्यात गीतेच्या सतराव्या अध्यायातली दानाची वाटणी पाहिली. परतफेडीची आशा न धरता, स्थळ, काळ आणि माणूस पाहून दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. अवेळी, अपात्री, हिडीसफिडीस करून दिलेलं ते तामस. वाचताना ही वाटणी चोख वाटते. खऱ्या दात्यांना लावायला गेलं की पंचाईत होते. ती कशी, हे पाहायला आज एकच संस्था घेऊ : हिंगण्याचा अनाथ बालिकाश्रम.

धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठीचं हे काम 1896 साली पुण्यात सुरू केलं. पुढे शहरात प्लेग, त्यात सनातन्यांचा रोष, आणि जागेची अडचण. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला 750 रुपये दिले. 1900 साली आश्रम तिथे गेला. ती झोपडी आजही कर्वेनगरात जपून ठेवलेली आहे. अडलेल्या वेळी, नेमकं हवं ते देणं. गीतेच्या पहिल्या रकान्यात हे दान बिनतक्रार बसतं.

दुसरं दान मात्र तसं बसत नाही. आश्रमाच्याच कामातून पुढे 1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला 15 लाख रुपये देऊ केले. सोबत अटी होत्या. त्यातली एक म्हणजे विद्यापीठाला आपल्या आईचं, नाथीबाईंचं, नाव द्यायचं. नावाची अट आली की आपण नाक मुरडतो आणि दान राजस ठरवून मोकळे होतो. मला तसं म्हणवत नाही. सरकारी मान्यता नसलेलं, मातृभाषेतून शिकवणारं विद्यापीठ वर्गण्यांवर किती दिवस तगलं असतं? शिवाय बायकांच्या विद्यापीठाला एका बाईचं नाव लागलं, यात बिघडलं काय? गंमत अशी, की ज्या नावासाठी अट घातली ते नाव आद्याक्षरांत विरघळून गेलं. मुंबईत कुणालाही विचारा, लोक फक्त एसएनडीटी ओळखतात.

तिसरा प्रकार पार्वतीबाई आठवल्यांचा. स्वतःही विधवा असलेल्या कर्व्यांच्या या मेहुणीकडे द्यायला जमीन नव्हती की पैसा. आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली, आणि 1918 साली, इंग्रजी धड येत नसताना, थेट अमेरिका गाठली. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या, शिकल्या, आश्रमासाठी मदतही मागितली. दुसऱ्याच्या दारात मागायला उभं राहणं हेही देणंच आहे, कारण त्यात माणूस आपला संकोच आणि मान खर्ची घालतो. देणगीदारांच्या पाटीवर त्याची नोंद होत नाही, एवढंच.

आता खुद्द कर्वे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं, कॉलेज सुटलं की चार-पाच मैल चालत हिंगण्याला जायचं. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल तुडवत जावं लागे. आश्रमाची कामं आटोपून सकाळी पुन्हा कॉलेजला हजर. पगारातला मोठा वाटा आश्रमाकडे वळायचा. साठवलेले पैसे गेले, पुढे आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केली.

इथे जरा थांबू. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर असते खरी, पण ती असते कुणासाठी? नवरा गेल्यावर बायको-मुलांसाठीच ना? म्हणजे कर्व्यांनी जे दिलं, त्याची गरज पडली असती ती आनंदीबाईंना. या आनंदीबाई म्हणजे बाया, पार्वतीबाईंच्या बहीण आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. 1893 साली कर्व्यांशी पुनर्विवाह केला म्हणून समाजाचा बहिष्कार सोसलेल्या. बाई एकदा वैधव्य भोगून आलेली. पुन्हा तशी वेळ आली तर पुढे काय, हा प्रश्न तिच्यासाठी नुसता कल्पनेतला नव्हता. पैशाची ओढाताण त्यांनी काढली, वर संसार आणि मुलं सांभाळली. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हे सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. नवऱ्याच्या कामाबद्दल त्यांना आदर होता. पण आदराने वाण्याची उधारी फिटत नाही.

त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांनी सासऱ्यांवर लिहिताना हेच हसत हसत, पण नेमकं सांगितलं. अशा माणसाची सून होण्याचं भाग्य मिळालं याचा त्यांना अभिमान होता. आणि त्याची बायको व्हावं लागलं नाही याचा आनंद त्याहून मोठा होता.

गीतेच्या वर्गीकरणाने कर्व्यांचं दान निर्विवाद सात्त्विक. ते वर्गीकरण देणाऱ्याचं मन तपासतं, घेणाऱ्याची पात्रता तपासतं. देणाऱ्याच्या स्वयंपाकघरात मात्र डोकावत नाही. तिथे डोकावले आहेत ते धर्मशास्त्रकार. याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम आहे, की माणसाने आपलं धन द्यावं, पण कुटुंबाला बाध येणार नाही अशा बेताने. मनूचा सूर तर आणखी कडक : घरचे हाल सोसत असताना परक्यांना देणाऱ्याचा धर्म त्याने खोटा ठरवला आहे. दानाचं इतकं कौतुक करणाऱ्या परंपरेला हा कायदा करावासा वाटला, यावरूनच कळतं की असे दाते गल्लोगल्ली असणार.

हा नियम कर्व्यांनी पाळला असता तर आश्रम उभा राहिला असता का? बहुधा नाही. निदान त्या वेगाने नाही. म्हणून त्यांना दोषी ठरवण्यात मला रस नाही. माझं म्हणणं हिशेबाबद्दल आहे. गोखल्यांनी जमीन दिली, ठाकरसींनी लाखो दिले, पार्वतीबाईंनी कष्ट दिले. हे तिघंही आपापल्या मर्जीने देत होते. बायांना कुणी विचारलंच नाही. तरी आश्रमाच्या भांडवलात त्यांच्या घरातल्या उणिवेचा वाटा आहे, आणि तो कर्व्यांच्या नावावर जमा आहे. आजही गावासाठी झिजणाऱ्या कार्यकर्त्याचा सत्कार होतो तेव्हा शेवटी त्याच्या पत्नीला व्यासपीठावर बोलावून साडी-चोळी देतात. निवेदक ‘यांच्या साथीशिवाय’ वगैरे म्हणतो. तिचा आकडा कुणी मांडत नाही.

पुढच्या लेखांकात घेणाऱ्यांकडे वळू : वार लावून जेवलेले आणि माधुकरी मागून शिकलेले पुण्यातले विद्यार्थी.