शिकविण्याचा सराव कुणाच्या मेहेरबानीवर?

चौथीच्या वर्गाला शिकवायचे तर शिक्षणशास्त्राची पदविका लागते, वर टीईटी लागते. नववीला शिकवायचे तर बी.एड. लागते. मात्र एम.ए.च्या किंवा कायद्याच्या वर्गाला शिकविण्यासाठी शिकविण्याचे कसलेही प्रशिक्षण लागत नाही! नेट-सेट झाली, पीएच.डी. झाली की माणूस प्राध्यापकपदासाठी पात्र. नेटच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्न असतात आणि अध्यापनक्षमता हा त्यातला एक घटक. चार पर्यायांपैकी एकावर खूण केली की क्षमता सिद्ध होते. साठ मुलांसमोर उभे राहून शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत विषय पोचविता येतो की नाही, हे त्या खुणेवरून कसे कळणार?

या उणिवेचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. ज्याच्या घरात दोन पिढ्या प्राध्यापकी आहे, त्याला व्याख्यान कसे बांधावे, उत्तरपत्रिका कशा तपासाव्यात हे जेवताना ऐकून ठाऊक असते. ज्याचा बाप कारखान्यात आणि आई दुसऱ्याच्या रानात राबली, त्या आमच्या संशोधकाला हे सांगणार कोण? त्याला संधी मिळते ती गाईड बाहेरगावी गेले तरच, आणि तीही गाईडच्या मर्जीतला असेल तर. वर्ग घेतला तरी त्याची कुठे नोंद नाही, मानधन नाही, दाखला नाही.

याची किंमत मोजावी लागते ती मुलाखतीच्या खोलीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार पदव्यांचे, संशोधनाचे, अनुभवाचे गुण केवळ मुलाखतीला कोणाला बोलवावे एवढ्यापुरतेच धरले जातात. निवड होते ती फक्त मुलाखतीवर. सुवर्णपदक दारातच राहते! आत काही मिनिटांत ठरते की, उमेदवाराकडे 'शिकविण्याची शैली नाही'. मग राखीव जागेपुढे 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा पडतो आणि जागा रिकामी राहते. अशी प्रकरणे घेऊन मुले आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही प्रथम कागद मागतो. तज्ज्ञ समितीच्या मूल्यमापनात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. किती तास शिकविले, ते कोणी पाहिले, काय अभिप्राय दिला, याचा कागद असेल तर त्या शेऱ्याला निदान प्रश्न तरी विचारता येतो. मुलांजवळ बहुधा तो नसतो.

नियम मात्र आहे. आयोगाने 7 नोव्हेंबर 2022 रोजी पीएच.डी.चे नवे नियम अधिसूचित केले. कोणत्याही शाखेच्या संशोधकाला पीएच.डी.च्या काळात आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घेणे त्यात बंधनकारक आहे. पुढच्याच वाक्यात आठवड्याला 4 ते 6 तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम, म्हणजे ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन, 'देता येईल' असे म्हटले आहे. वकिलाची नजर इथेच अडते. प्रशिक्षण बंधनकारक, पण प्रत्यक्ष वर्ग ऐच्छिक! पोहण्याचे पुस्तक सक्तीचे आणि विहीर मालकाच्या मर्जीवर, असा हा प्रकार आहे. विहिरीची मर्जी म्हणजे काय, हे आमच्या समाजाला वेगळे सांगायला नको.

बाबासाहेब नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य काय शिकविणार, अशीच सुरुवातीला विद्यार्थ्यांची वृत्ती होती. सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्यावर हरकत घेतली. पण वर्ग त्यांच्या हाती होता. थोड्याच दिवसांत इतर कॉलेजांतले विद्यार्थी परवानगी काढून त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. ही पात्रता कोणत्या मुलाखतीत दिसली असती?

आयोगाची ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे 1987 पासून निघाली. पण त्यांचे उद्बोधन वर्ग नेमणूक झालेल्यांसाठी. नेमणुकीच्या आधीचा काळ मोकळाच राहिला. तासिका तत्त्वावर राबणाऱ्याला वर्ग भरपूर मिळतात, पण मागे बसून पाहणारा, चूक दाखविणारा कोणी नसतो. पीएच.डी.नंतरच्या फेलोंची गत तर आणखी अवघड. 2022 चे नियम पीएच.डी.पुरतेच, त्यामुळे त्यांना तो आधारही नाही.

आमच्या संशोधक मुलामुलींनी आता माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज विद्यापीठाकडे टाकावा. अध्यापन प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम विद्या परिषदेने कधी मंजूर केला? कोणत्या विभागाने किती संशोधकांना वर्ग दिले? ते कोणत्या निकषावर वाटले, आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातीचे किती? विद्यापीठाला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास पहिले अपील करावे. ज्यांनी आजवर नोंद न ठेवता वर्ग घेतले, त्यांनी तारीख, विषय, तास लिहून विभागप्रमुखांकडे पत्र द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.