सुलट, उलट आणि वजनाचा काटा



कामगार चळवळीतला माणूस स्वेटरच्या विणकामावर काय बोलणार, अशी शंका संयोजकांनाही आली होती. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि घरात येणारा पगार थांबला, तेव्हा माझी आई एका व्यापाऱ्याकडून लोकर आणून मजुरीवर स्वेटर विणू लागली. लोकरीच्या लडीत दोन्ही हात अडकवून तिच्यासमोर तासन्‌तास बसणे, ही माझी या विषयातली पहिली शाळा. पुढचे शिक्षण ग्रंथालयात, जमेल तसे झाले.

मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे उभे-आडवे धागे असतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फासांतून पुनःपुन्हा ओढला जातो. म्हणून हे कापड ताणते आणि परत जागेवर येते; आणि म्हणूनच एक फास सुटला की त्याच्या खालचे एकामागून एक सुटत जातात.

नवा फास आपल्या बाजूला ओढला तर सुलट टाका, पलीकडे सारला तर उलट. बस्स, मूळ टाके एवढेच. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली की गुळगुळीत कापड मिळते, पण त्याच्या कडा मुडपतात. हा विणणारीचा दोष नव्हे. टाक्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून ते वळते. परतून परतून सर्व ओळी सुलटच विणल्या, तर कापड सपाट राहते. एकाच ओळीत दोन सुलट, दोन उलट असे घालत गेले की उभ्या पट्ट्या उठतात आणि कापड रबरासारखे आखडते. मनगट, कंबर, गळा येथे तेच हवे.

फास सुटण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते ना? १८११ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरच्या मोजे विणणाऱ्या कामगारांनी यंत्रे फोडली. इतिहासाने त्यांना यंत्राचे वैरी ठरवले. पण ते स्वतः यंत्रावरच काम करीत. मोजे विणण्याचे यंत्र तेथे १५८९ पासून होते. मजुरी घटली होती, आणि त्यांची आणखी एक तक्रार टाक्याची होती. काही मालक रुंद कापड विणून घेत, ते कात्रीने कापून, शिवून मोजे म्हणून विकत. कापलेल्या कडेचे फास सुटत, मोजा उसवे आणि बदनामी होई विणकराची. १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा झाला. कवी बायरनने लॉर्डांच्या सभागृहात त्याला विरोध केला. आमच्या मंडळींनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

असो. स्वेटर फसतो तो बहुधा मोजमापात. सुरुवातीला वीतभर चौकोन विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात, ते मोजा. २० टाक्यांच्या हिशेबाने ९० सेंटिमीटर घेरासाठी १८० टाके घातले आणि तुमच्या हाताने २२ बसले, तर घेर ८२ सेंटिमीटर होईल. स्वेटर धाकट्या भावाला जाईल. अशा वेळी हात बदलू नये, सुई बदलावी. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे क्रमांक उलटे चालतात: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १२ नंबरची पावणेतीन.

आता धागा. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, म्हणून ती ऊब धरते आणि ताण सोडला की परत येते. मेरिनो मेंढीची लोकर बारीक, अंगाला मऊ. आपल्या दख्खनी मेंढीची जाड आणि राठ. तिचे घोंगडे उत्तम होते, बाळाचे टोपडे मात्र करू नये. सूत टोचत नाही, पण जड असते आणि ओघळते. ॲक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपे. मात्र आचेने वितळते. लोकर म्हणून काय गळ्यात मारले, हे पाहायचे असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा: लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते, ॲक्रिलिकची कडक गुठळी होते. सगळ्या लडी एकाच रंगणीच्या घ्या. लेबलावर लॉट नंबर असतो. मी एकदा तो पाहिला नाही. माझ्या स्वेटरची एक बाही आजही वेगळी दिसते.

लोकरीचा आणखी एक गुण आहे, तो आम्हांला महागात पडला. ती हवेतला ओलावा पिते; स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी शोषूनही ओली लागत नाही. व्यापारी लोकर तोलून देई आणि स्वेटर तोलून घेई. श्रावणातल्या दमट हवेत दिलेली लोकर डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत हलकी भरे. तूट मजुरीतून कापली जाई, वर चोरीचा आळ. बाया शपथा घेत, रडत. दुसऱ्या वर्षी आईने एक लडी न विणता तशीच ठेवली, तिचे वजन व्यापाऱ्याच्याच चिठ्ठीवर लिहून घेतले आणि स्वेटरांबरोबर ती काट्यावर ठेवली. तीही हलकी भरली. त्या दिवसापासून कपात थांबली. आदल्या वर्षीचे कापलेले पैसे मात्र कोणालाच परत मिळाले नाहीत.

धुताना लोकरीला गरम पाणी लावू नये, चोळू नये. तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून ती आटते. दाबून पाणी काढा आणि पंचावर आडवी पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगलात, तर स्वेटर गुडघ्यापर्यंत येईल.