फुकटचा कांदा

आषाढ शुद्ध नवमी आली कीं अजूनहि पुष्कळ घरांतून कांदेनवमी साजरी होते. चातुर्मासांत कांदा वर्ज्य. म्हणून एकादशीच्या आधीं एकदां भजीं, थालीपीठें, झुणका असा बेत होतो आणि मग चार महिने कांद्याची टोपली रिकामी राहते. ज्या घरांतून हा नेम पाळला जातो, त्यांना कांद्याचा भाव पन्नास झाला काय आणि शंभर झाला काय, चार महिने तरी त्याची झळ लागत नाहीं. पण हा नेम आपण आपखुशीनें केलेला असतो. ज्याला कांदा हवा आहे, परंतु भाव ऐकून ज्याचा हात आखडतो, त्याचा उपास वेगळा. आणि ज्यानें तो पिकविला, परंतु विकून गाडीभाडेंहि सुटलें नाहीं, त्याचा उपास आणखी वेगळा. या दोन उपासांच्या मधोमध उभें राहून जेव्हां एखादा दुकानदार कांद्याचा तमाशा करतो व आपला भलताच माल खपवूं पाहतो, तेव्हां त्यांत गंमत किती आणि निष्ठुरपणा किती, याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही गोष्ट आम्ही कल्पनेनें रचलेली नाहीं. सन २०१९ च्या डिसेंबरांत कांदा देशभर कडाडला होता. सोलापूरच्या बाजार समितींत चांगल्या मालाचा भाव क्विंटलास २०,००० रुपयांपर्यंत चढला. त्याच दिवसांत, मराठ्यांच्या राज्यामुळें आपणां सर्वांस परिचित असलेल्या तंजावर जिल्ह्यांत, पट्टुकोट्टै या गांवीं मोबाईलच्या एका दुकानदारानें जाहीर केलें कीं, जो स्मार्टफोन घेईल त्याला एक किलो कांदा फुकट. गिऱ्हाइकें जमलीं, वर्तमानपत्रांत बातमी छापून आली, दुकानाचें नांव जिल्ह्याबाहेर पोहोंचलें. त्याच्याहि आधीं, २०१३ च्या सप्टेंबरांत, बाजारांत कांदा साठ-ऐंशी रुपये किलो असतां, इंटरनेटवर सवलतींचा धंदा करणाऱ्या ग्रुपऑन या कंपनीनें तो ९ रुपये किलोनें घरपोंच देऊं केला होता. पहिल्या दिवशींचा ३,००० किलो कांदा ४४ मिनिटांत संपला आणि गर्दीच्या भारानें कंपनीचें संकेतस्थळच कोलमडलें.

आम्ही उगाच सोंवळें नेसून बोलत नाहीं. या दोन्ही युक्त्यांनीं पुष्कळांची करमणूक झाली, कांहींच्या पिशवींत खरोखरच कांदा पडला, आणि कोणाचें प्रत्यक्ष नुकसान झालें असें म्हणतां येणार नाहीं. धंदा करणाऱ्यानें गिऱ्हाइकास हंसवूं नये असा कोठें नियम नाहीं. परंतु हिशेब तरी करून पाहावा. एका घरीं एक किलो धरला, तर ३,००० किलो म्हणजे ३,००० घरें. एवढ्या मोठ्या देशांत ती संख्या ती केवढी! बाकी सर्वांच्या वांट्यास आली ती बंद पडलेल्या संकेतस्थळाची वाट. म्हणजे महागाईनें गांजलेल्या माणसास मिळालेला दिलासा चिमूटभर, आणि कंपनीस मिळालेलें नांव पोतेंभर. औषध म्हणून जें दिलें, तें वस्तुतः सोडतीचें तिकीट होतें.

आतां हीच जाहिरात लासलगांवीं उभें राहून वाचून पाहूं. लासलगांव हें निफाड तालुक्यांतलें गांव. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर निफाड आणि मनमाड यांच्या दरम्यान त्याचें स्थानक लागतें. तेथील बाजार समिती १ एप्रिल १९४७ रोजीं स्थापन झाली, आणि आज आशियांतील सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून तिची ख्याति आहे. ‘लासलगांव कांदा’ या नांवास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. साठविलेल्या कांद्यास कोंब फुटूं नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं येथेंच किरणोत्साराचा ‘कृषक’ प्रकल्प उभारला. ज्या गांवानें या एका पिकाभोंवतीं आपलें सारें जीवित गुंफलें आहे, तेथें ‘कांदा फुकट’ हे दोन शब्द कसे वाचले जात असतील?

त्यासाठीं भाव चढतो कसा, हें समजून घेतलें पाहिजे. नाशिककडे कांद्याचीं तीन पिकें होतात: पावसाळ्यांत लावून दिवाळीच्या सुमारास निघूं लागणारा लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा, आणि मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदा. यांपैकीं टिकाऊ तो उन्हाळ. तो चाळींत साठवून आश्विन-कार्तिकापर्यंत पुरवावा लागतो, आणि तेवढ्या काळांत त्याचें वजन घटतें, कांहीं सडतो, कांहींस कोंब येतात. मधल्या काळांत पावसानें नवें पीक बुडविलें, कीं चाळींतल्या उरल्यासुरल्या मालावर सारा देश येऊन पडतो आणि भाव आकाशाला भिडतो. २०१९ सालीं हेंच झालें. परतीच्या व अवकाळी पावसानें शेतांतला कांदा जागच्या जागीं कुजला. भाव शंभरावर गेला, याचा अर्थ प्रत्येक कांदेवाला गबर झाला असा नव्हे. ज्याचें पीक पाण्यांत गेलें, त्याच्याजवळ विकायला कांदाच नव्हता. तेव्हां मोबाईलबरोबर फुकट मिळणाऱ्या त्या एका किलोच्या मागें अशा कित्येकांचें बुडालेलें पीक होतें. फोन घेणाऱ्यास तें दिसलें नाहीं. दुकानदारासहि दिसलें नसावें. न दिसणें हाच तर या साऱ्या प्रकारांतला दोष आहे.

आणि भाव पडतो तेव्हांचें चित्र याहून विदारक असतें. २०१८ च्या हिवाळ्यांत निफाड तालुक्यांतील एका शेतकऱ्यास ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये हातीं आले. त्यानें ते सगळेच्या सगळे मनीऑर्डरनें पंतप्रधानांकडे पाठवून दिले, आणि वर मनीऑर्डरीचे ५४ रुपये स्वतःच्या खिशांतून भरले. २०२३ च्या फेब्रुवारींत बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सोलापूरच्या बाजारांत ५१२ किलो कांदा नेला. किलोस एक रुपया भाव मिळाला, आणि गाडीभाडें, हमाली, तोलाई वजा जातां त्याच्या हातांत २ रुपयांचा धनादेश पडला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस लासलगांवीं क्विंटलचा भाव २०० रुपयांपर्यंत उतरला, तेव्हां शेतकऱ्यांनीं लिलाव बंद पाडले. ज्याच्या मालाची किंमत एक रुपया ठरली, त्याला ‘फुकट’ हा शब्द विनोदी वाटेल काय? त्याच्या कानांत तो शब्द आधींच घुमत असतो.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील, ‘तो मनीऑर्डर पाठविणारा शेतकरीहि देखावाच करीत होता कीं! त्याचें नांवहि वर्तमानपत्रांत झळकलें.’ आक्षेप ऐकण्याजोगा आहे, आणि आमच्या मतें सर्व प्रश्नाची किल्ली त्यांतच आहे. त्या शेतकऱ्यानेंहि लोकांचें लक्ष वेधून घेतलें हें खरें. परंतु त्यानें मांडलें तें स्वतःचें दुःख, आणि तें मांडतांना पदरचें घातलें. दुकानदार मांडतो तें दुसऱ्याचें दुःख, आणि तें मांडून पदरांत पाडून घेतो. कृत्य वरून सारखें दिसलें तरी एक गाऱ्हाणें आहे आणि दुसरा व्यापार. तळ्यांत दगड मारणाऱ्या पोरांना बेडूक म्हणाला, ‘तुमचा होतो खेळ, पण आमचा जातो जीव’. ती गोष्ट आपण पोरांना सांगतों, पण दुकानाच्या पाटीवर तीच गोष्ट लिहिलेली असली तर ओळखत नाहीं.

हा प्रमाद आपल्याकडेच होतो असें नव्हे. २०१२ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी नांवाचें चक्रीवादळ आलें. शंभराहून अधिक माणसें दगावलीं, लाखों घरें अंधारांत बुडालीं. त्या वेळीं अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीनें वादळग्रस्त राज्यांतील गिऱ्हाइकांस पत्र पाठविलें, कीं वादळांत घरीं बसून कंटाळला असाल तर ३६ तास आमच्याकडे शेंकडा २० सूट आहे. लोक संतापले. २०१३ सालीं बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतींत बॉम्बस्फोट होऊन तिघे ठार झाले होते. चार वर्षांनीं, २०१७ च्या शर्यतीनंतर, आदिदास या बुटांच्या कंपनीनें धांवपटूंस ‘तुम्ही शर्यतींतून बचावलांत’ अशा अर्थाचें अभिनंदन धाडलें. लिहिणाऱ्याच्या मनांत दुष्टावा नव्हता. थकव्यांतून बचावलांत, एवढेंच त्यास म्हणावयाचें होतें. पण त्या गांवीं त्या शब्दाला रक्ताचा वास होता. कंपनीनें लागलीच क्षमा मागितली, हें तिच्या पक्षीं नमूद केलें पाहिजे.

या दोन्ही ठिकाणीं चूक झाली ती एकाच जागीं. लिहिणाऱ्यानें आपल्या गिऱ्हाइकाचा विचार केला, पण तोच मजकूर आणखी कोण वाचील याचा केला नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ही गोष्ट शाळेंत जाऊन शिकावी लागत नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडीं सुतक असलें तर आपल्या घरचें गाणेंबजावणें आपण न सांगतां थांबवितों. जाऊबाईंच्या माहेरची वाईट बातमी आली असतां सासूबाई त्या दिवशीं पुरणाचा घाट घालीत नाहींत. हा कायदा नव्हे. हें वेळकाळाचें भान होय. बाजार हें कांहीं घर नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. पण बाजारांत येणारीं माणसें कोणत्या तरी घरांतूनच येतात.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. स्वस्त कांदा देणारा प्रत्येक जण दोषी, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. शिवाय कांदा ही अशी विलक्षण वस्तु आहे कीं एकाचा दिलासा तोच दुसऱ्याचा घाव ठरतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसविला आणि २१ तारखेपासून दिल्लींत सरकारी संस्थेमार्फत २५ रुपये किलोनें कांद्याची विक्री सुरू झाली. तिकडच्या गृहिणीनें सुटकेचा निःश्वास टाकला असेल, पण इकडे लासलगांवसह नाशिक जिल्ह्यांतील लिलाव बंद पडले. त्या धोरणाचा गुणदोष ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. दोन्ही बाजूंच्या वेदना खऱ्या असतात, म्हणूनच तिऱ्हाइतानें त्यांमध्यें ढोल घेऊन शिरूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

मग दुकानदारानें करावें तरी काय? महागाईच्या दिवसांत एखाद्यास गिऱ्हाइकाच्या उपयोगीं पडावयाचें असेल, तर त्यानें शेतकऱ्यापासून योग्य भावानें माल घ्यावा, खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव दोन्ही पाटीवर लिहावे, आणि नफा न घेतां विकावा. त्याची कीर्ति पाटीपेक्षां दूर जाईल. जाहिरात ही वस्तु मुळांत वाईट नाहीं, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रांत आहे. १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागलें, तें मूळचें कारखान्याचें पत्रक. परंतु शंकरराव किर्लोस्करांनीं वाचणाऱ्यास मान देऊन तें चालविलें, म्हणून पुढें त्याचेंच घराघरांतून वाचलें जाणारें मासिक झालें. वाचणाऱ्याची कदर केली कीं माल विकणाऱ्याचीहि कदर होते, हा धडा शंभर वर्षांनींहि जुना झालेला नाहीं.

आणि शेवटीं आपल्या स्वतःविषयीं. अशा जाहिरातींना जोर येतो तो दुकानदाराच्या पैशानें नव्हे, आपल्या हंसण्यानें. ‘फोनबरोबर कांदा’ हें चित्र कोणी तरी मोबाईलवर पाठवितो, आपण हंसून तें दहा नातेवाइकांना पाठवितों, आणि दुकानदाराचें काम फुकट होतें. पुढल्या वेळीं असें चित्र आलें तर तें पुढें पाठविण्यापूर्वीं घरांतल्या पोरांना एकच प्रश्न विचारावा: हें चित्र लासलगांवच्या ओळींत ट्रॅक्टरवर बसून आपल्या मालाच्या लिलावाची वाट पाहणाऱ्या माणसास दाखवितां येईल काय? येईल, असें उत्तर मिळालें तर खुशाल हंसावें. विनोदाला आमची ना नाहीं. न येईल, तर तें तेथेंच पुसून टाकावें, आणि संध्याकाळीं भाजीवाल्याकडून कांदा घेतांना त्याच्याशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. कांदेनवमीच्या पंगतींत बसणाऱ्यानें, ज्याच्या शेतांतून ती नवमी येते, त्याची एवढी तरी आठवण ठेवावी.