दवाखान्यात न दिसणारी गाय

धाराशिव जिल्ह्यातल्या भूममध्ये दूध फक्त डेअरीवर जात नाही, भट्टीवरही जातं. गाईचं पाचेक लिटर दूध कढईत आटलं की किलोभर खवा उतरतो. इथल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण खव्याची प्रत भट्टीवाल्याच्या हातात निम्मीच. उरलेली गोठ्यात ठरते. एखाद्या गाईला कासदाह होतो, धारेत गुठळ्या येतात, डॉक्टर सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. दोन-तीन दिवसांत दूध दिसायला स्वच्छ होतं. औषधाचा अंश मात्र त्यात राहतो. उकळून तो सगळा जात नाही, उलट दूध आटेल तसा दाटत जातो. म्हणून औषधाच्या वेष्टनावरची मुदत संपेपर्यंत ते दूध बाजूला काढायचं असतं.

पुस्तकात हे एका ओळीत सांगून होतं. पण गोठ्याच्या दारात उभं राहून मालकाला ‘हे दूध ओतून द्या’ म्हणणं, आणि ओल्या जमिनीमुळे किंवा घाईच्या धारेमुळे दुखणं परत येणार हे ओळखणं, दवाखान्यात शिकता येत नाही. तिथे जनावर येतं ते बिघडल्यावर. बिघडण्याआधीचे महिने पाहायचे तर विद्यार्थ्याला रोजचा गोठाच हवा. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या असतात त्या यासाठी. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमांनुसार महाविद्यालयाला दवाखान्याइतकंच पशुधन प्रक्षेत्रही सक्तीचं आहे. पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं एक वर्ष आंतरवासितेचं.

सुरुवातीला असं नव्हतं. देशातली पहिली पशुवैद्यक शाळा 1862 साली पुण्यात निघाली ती लष्कराची. तिला काळजी घोड्यांची. मुंबईत परळला 1886 मध्ये महाविद्यालय सुरू झालं ते उद्योगपती दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आधाराने. म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण तबेल्यातून आणि रुग्णालयातून आलं, गोठ्यात ते उशिरा शिरलं. त्याची सवय अजून पुरती मोडलेली नाही, असं मला वाटतं. आजही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा फोटो छापून येतो, वैरणीचा हिशेब जुळवणाऱ्याचा येत नाही.

मराठवाड्यात परभणीचं महाविद्यालय 1972 चं, उदगीरचं 1987 चं. उदगीर 1982 पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातच होतं. तिथल्या प्रक्षेत्रावर देवणी गाय सांभाळली जाते. अंगभर पांढरी पण तोंडाच्या बाजू काळ्या असलेली वानेरा, जवळजवळ सगळी पांढरी बाळंक्या आणि काळ्या ठिपक्यांची शेवरा, हे तिचे तीन प्रकार विद्यार्थी चित्रात नव्हे, दावणीला पाहतो. पण रंग ओळखणं सोपं. अवघड असतं ते माज ओळखणं. गाय सकाळी माजावर दिसली तर रेतन संध्याकाळी करायचं, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मुका माज मात्र पहाटे गोठ्यात फेरी मारणाऱ्यालाच सापडतो. एक माज हुकला की पुढचा साधारण 21 दिवसांनी. तेवढे दिवस गाय खाते, गाभण राहत नाही. खव्याच्या गावात हा तोटा थेट कढईत दिसतो.

गर्भतपासणीचंही तसंच. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून विद्यार्थी पहिल्यांदा हात घालतो तेव्हा शेण आणि ऊब यांपलीकडे काही कळत नाही. बोटांना गर्भाशय ‘दिसायला’ पुष्कळ सराव लागतो. तो सराव एकाच गाईवर वीस जणांनी करणं क्रूरपणा आहे, म्हणून कत्तलखान्यातून आणलेले अवयव आणि प्रतिकृती वापरतात. तरी शेवटी जिवंत जनावराला पर्याय नाही.

वासराचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ‘वार पडल्यावर चीक पाजू’ ही समजूत गावोगाव आहे. चिकातली प्रतिकारशक्ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता तासागणिक घटते, दिवसभरात जवळपास संपते. ज्याने रात्री गाय विताना पाहिली, वासरू पुसून वजन केलं, पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजला आणि पुढे नोंदवहीत त्याची वाढ टिपली, तो तरुण डॉक्टर ही समजूत शांतपणे खोडून काढू शकतो.

नोंदवही हा प्रक्षेत्राचा खरा फळा. वेताची तारीख, दोन वेतांतलं अंतर, दूध, भाकड दिवस, लसी. आणि प्रक्षेत्र तोट्यात का, असं विचारणाऱ्या लेखापरीक्षकांना एवढंच सांगावंसं वाटतं: प्रयोगशाळेला नफा विचारत नाहीत. अर्थात नोंदीच न ठेवणाऱ्या प्रक्षेत्राची बाजू मी घेणार नाही.

शेळीकडे मात्र आपण पुरेसं पाहिलेलं नाही. महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेत शेळ्या एक कोटीवर होत्या. काळी उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते, जुळी करडं देते. भूमच्या भूमिहीन घरात अडीअडचणीला विकायला तीच असते. तुळजापूर तालुक्यात तीर्थ येथे शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पैदाशीच्या बोकडाची निवड आणि पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची लस विद्यार्थ्याने कळपातच शिकावी.

प्रक्षेत्राची एक मर्यादाही आहे. तिथे मुरघास असतो, पाणी असतं, मजूर असतात. भूम-परांड्याकडे मे महिन्यात यांतलं काहीच हाताशी नसतं. 2019 च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या. निरनिराळ्या गोठ्यांतली जनावरं एकाच जागी आली की लाळ-खुरकूत पसरायला वेळ लागत नाही. आंतरवासितेतले काही आठवडे अशा छावणीत, काही खव्याच्या गावात एकाच कळपामागे घालवायची सक्ती करता येईल. नियमांत त्यासाठी फार बदल लागणार नाही. विद्यार्थ्यांना ने-आण करणारी गाडी आणि डिझेल मात्र लागेल.