जेनाला कोणी विचारलं?

जेना फॉक्स सतरा वर्षांची आहे. वर्षाहून अधिक काळ कोमात राहून ती जागी होते, तेव्हा स्वतःचं नावसुद्धा तिला परकं वाटतं. मग हळूहळू उलगडतं. अपघातात तिचं शरीर होरपळलं. मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा वाचला. संशोधक वडिलांनी तो कृत्रिम जेलमध्ये जगवला आणि भोवती नवी जेना घडवली. कादंबरीतल्या कायद्यानुसार माणसाला आयुष्यभरात कृत्रिम अवयवांसाठी १०० गुणांची मर्यादा आहे. जेनाने ती केव्हाच ओलांडलेली, म्हणजे तिचं असणंच बेकायदेशीर!

मेरी पीअरसन यांची २००८ सालची ही कादंबरी मी अनेकदा वाचली आहे. तिच्यात खलनायक नाही, म्हणून ती मला थोर वाटते. आईवडिलांनी जे केलं ते मायेपोटी. पण जेनाच्या दोन मित्रमैत्रिणींची मनंही शरीराविना पेट्यांत साठवून ठेवलेली असतात. त्या अंधाऱ्या कोंडवाड्यातून त्यांना सोडवायचं की नाही, हा निर्णय शेवटी जेनाच घेते. तिला स्वतःला मात्र कोणी विचारलेलं नसतं.

कोणाला न विचारता घडवलेल्या किंवा सुट्या केलेल्या शरीरांच्या या साहित्याची वंशावळ थोडक्यात अशी: 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८चं, आणि ते लिहायला घेतलं तेव्हा मेरी शेली स्वतः अठरा वर्षांची. नॅन्सी फार्मर यांच्या 'द हाऊस ऑफ द स्कॉर्पियन'मध्ये (२००२) अवयवांसाठी वाढवलेला क्लोन, तर नील शुस्टरमन यांच्या 'अनवाइंड'मध्ये (२००७) आईवडिलांच्या सहीने सुटे केले जाणारे किशोर.

शरीर बदललं तर माणूस तोच राहतो का, हा प्रश्न आपल्याकडे रंगभूमीनेही घेतला होता. गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन'मध्ये दोन मित्रांची डोकी अदलाबदल होतात. त्यांतल्या एकाची बायको पद्मिनी; मग आता तिचा नवरा कोणता? ऋषी निवाडा देतात: ज्याचं डोकं, तो माणूस. चिं. त्र्यं. खानोलकरांनी हे नाटक मराठीत आणलं. निवाडा होतो, पण पद्मिनीचा पेच सुटत नाही.

डोकं म्हणजेच माणूस का, हे तपासायला बेंगळुरूत एक विलक्षण जागा आहे: होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेतलं मेंदूचं संग्रहालय. बरण्यांमधले मेंदू पाहून झाले की हातमोजे घालून खराखुरा मेंदू हाती घेता येतो. साधारण सव्वा ते दीड किलोचा ऐवज. मी गेलो तेव्हा कॉलेजची मुलं होती. एकीने विचारलं, "यात त्यांच्या आठवणी अजून असतील?" कोणी हसलं नाही. तिथल्या मेंदूपेढीचं काम १९९५पासून चालतं, आणि ते उभं आहे नातेवाइकांनी दुःखाच्या घडीला दिलेल्या होकारावर.

माझं ठाम मत असं की माणसाची ओळख मेंदूच्या टक्क्यांवर मोजता येत नाही. ज्याला विचारलं जातं, ज्याचा नकार मानला जातो, तो माणूस. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच मानतात: संशोधनात मूल घ्यायचं तर पालकांच्या सहीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाचाही होकार हवा.

म्हणून ही पुस्तकं अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती आवर्जून द्यावीत. १९९४च्या प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण झाल्यावर त्यांना अवयवदानाची इच्छा स्वतः नोंदवता येते. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालय घरच्यांनाच विचारतं, आणि त्यांना उत्तर ठाऊक असावं लागतं. तेव्हा हे बोलणं आधीच, घरी, मुलांच्या तोंडून झालेलं बरं.