विश्लेषण : सरडे टिपणारा ‘लिझर्ड बझर्ड’ कसा जगतो? आफ्रिकेतील या छोट्या शिकारी पक्ष्याला झाडे का हवीत?

सिंहांच्या आफ्रिकेत गरुड आणि गिधाडांची चर्चा होते. कावळ्याहून किंचित लहान असलेल्या ‘लिझर्ड बझर्ड’कडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. हा पक्षी दुर्मीळ नाही. तरीही आफ्रिकेतील विरळ जंगलांचे काय होत आहे, हे समजून घ्यायचे तर तो चांगला मार्गदर्शक ठरतो.

हा पक्षी ओळखायचा कसा?

लांबी साधारण ३५ ते ३७ सेंटिमीटर. डोके, पाठ आणि छाती राखाडी; पोटावर बारीक आडवे पट्टे. चोचीचे मूळ आणि पाय नारिंगी-लाल. काळ्या शेपटीवर एक ठळक पांढरा पट्टा असतो, क्वचित दोन. सर्वांत पक्की खूण म्हणजे पांढऱ्या गळ्यावरील एकच उभी काळी रेघ. आपल्याकडील शिक्र्याच्या गळ्यावरही अशी रेघ असते, पण ती पुसट. विशेष म्हणजे शिक्रा ही जात भारताप्रमाणे आफ्रिकेतही आढळते, त्यामुळे तेथे हे दोन्ही पक्षी एकाच प्रदेशात दिसू शकतात.

नावावर विश्वास ठेवावा का?

पूर्ण ठेवता येत नाही. डच पक्षीशास्त्रज्ञ टेमिंक यांनी १८२४ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘कौपिफाल्को मोनोग्रामिकस’. यातील पहिला शब्द जर्मन निसर्ग अभ्यासक योहान काउप यांच्या नावावरून आला. म्हणजे इंग्रजी नावात ‘बझर्ड’, शास्त्रीय नावात ‘फाल्को’ अर्थात ससाणा. प्रत्यक्षात तो यांपैकी कोणीच नाही. जनुकीय अभ्यासानुसार त्याचे नाते आफ्रिकेतील ‘चँटिंग गोसहॉक’ या शिकारी पक्ष्यांशी अधिक जवळचे आहे. आपल्या प्रजातीत तो एकटाच आहे.

शिकार कशी करतो?

पाठलाग करण्यापेक्षा वाट पाहण्यावर त्याचा भर असतो. झाडाच्या सावलीतील फांदीवर तो बराच वेळ स्तब्ध बसतो, खालच्या गवतावर नजर ठेवतो आणि हालचाल दिसताच झेपावतो. सरडे, छोटे साप, नाकतोडे, उंदीर, बेडूक असे त्याचे खाद्य. या पद्धतीत शक्ती कमी खर्च होते. पण त्यासाठी बसायला झाड आणि झाडाखाली भक्ष्य असलेली गवताळ जमीन, दोन्ही एकाच ठिकाणी लागतात. घनदाट अरण्यात खालची जमीन दिसत नाही आणि उजाड माळावर बसायला जागा नसते.

घरटे कुठे बांधतो?

झाडाच्या बेचक्यात काटक्यांचे छोटे घरटे असते. त्यात गवत आणि दगडफुलाचे अस्तर असते. मादी एक ते तीन अंडी घालते. उबवणीला सुमारे ३३ दिवस लागतात आणि त्यानंतर साधारण ४० दिवसांनी पिल्लू उडू लागते. विणीच्या काळात त्याची खणखणीत शीळ दूरवर ऐकू येते.

मग चिंता कशाची?

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि दक्षिणेला दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर-पूर्व भागापर्यंत तो आढळतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या (आययूसीएन) यादीत तो सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे. मात्र २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्युशन’ या नियतकालिकात आफ्रिकेच्या सवाना प्रदेशातील ४२ शिकारी पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जवळपास ९० टक्के जातींची संख्या घटल्याचे त्यात आढळले. मोठ्या पक्ष्यांना अधिक फटका बसला, तसेच संरक्षित क्षेत्रांबाहेरील घट आतल्यापेक्षा दुपटीहून अधिक होती.

लिझर्ड बझर्डसारख्या छोट्या पक्ष्याला त्यातून थोडा दिलासा मिळतो, पण तो मर्यादित आहे. त्याचा बराचसा अधिवास संरक्षित क्षेत्रांबाहेर आहे. अंगोलापासून टांझानिया आणि मोझांबिकपर्यंत पसरलेली ‘मिओम्बो’ जंगले शेतीसाठी आणि शहरांतील चुलींना लागणाऱ्या कोळशासाठी तोडली जात आहेत.

उपाय काय?

हा पक्षी माणसाला फार बुजत नाही. झाडे राखलेल्या शेतांत, माडांच्या आणि पाम तेलाच्या बागांतही तो राहू शकतो. म्हणूनच प्रत्येक ठिकाणी अभयारण्य घोषित करावे लागेल असे नाही. बांधावरची जुनी झाडे टिकवणे, कीटकनाशके जपून वापरणे आणि कोळशाला परवडणारा पर्याय देणे, यांचा उपयोग या पक्ष्याइतकाच शेतकऱ्यालाही आहे. कारण हा पक्षी टिपतो त्यांतील उंदीर आणि नाकतोडे पिकांचेही शत्रू आहेत. आज तो ‘सर्वत्र दिसतो’ म्हणून त्याची नोंद घेणे थांबले, तर घट सुरू झाल्याचे उशिराच कळेल.