हातउसने पैसे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओळखीच्या किंवा नात्याच्या विश्वासावर, बहुधा व्याज न लावता आणि कागद न करता दिलेल्या रकमेला हातउसने म्हणतात. असे पैसे कायदा अपुरा असल्यामुळे क्वचितच बुडतात. बहुतेक वेळा भिडेपोटी मागणी लांबत जाते आणि तेवढ्यात कायद्याने दिलेली मुदत उलटते.

गैरसमज १ : कागद नाही, म्हणजे पैसे गेले.
वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो, अडचण असते ती पुराव्याची. बँकेची किंवा यूपीआयची नोंद पैसे दिल्याचे दाखवते, पण ते उसने दिले, भेट दिली की जुने देणे फेडले, हे सांगत नाही. ती उणीव ‘दिवाळीनंतर तुझे पैसे देतो’ अशा व्हॉट्सअ‍ॅप संदेशाने भरून निघू शकते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार आवश्यक प्रमाणपत्र जोडून तो संदेश न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतो.

गैरसमज २ : माणूस घरचाच आहे, पैसे कधीही मागता येतील.
वस्तुस्थिती : मुदत कायदा, १९६३ नाते पाहत नाही. वसुलीचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो आणि ‘मागाल तेव्हा देईन’ या बोलीवर दिलेल्या रकमेची मुदत मागणीच्या दिवसापासून नव्हे, तर पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते. मार्च २०२२ मध्ये अशा बोलीवर पैसे देऊन मे २०२५ मध्ये पहिली नोटीस पाठवणाऱ्याचा दावा म्हणूनच मुदतबाह्य ठरतो. मात्र मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे मान्य असल्याचे लिहून सही केली, तर कलम १८ नुसार त्या सहीच्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदत उलटून गेल्यावरही कर्जदाराने रक्कम देण्याचे लेखी, सहीनिशी वचन दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन बंधनकारक असते.

गैरसमज ३ : पोलिसांत तक्रार केली की पैसे वसूल होतात.
वस्तुस्थिती : उसने पैसे परत न करणे हा मूलतः दिवाणी वाद आहे. पैसे घेतानाच ते बुडवण्याचा अप्रामाणिक हेतू होता असे दिसत असेल, तरच फसवणुकीचा गुन्हा होतो. नंतर ऐपत उरली नाही किंवा दानत फिरली, एवढ्याने तो होत नाही.

गैरसमज ४ : चेक हातात आहे, म्हणजे चिंता नाही.
वस्तुस्थिती : चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. तो न वटल्यास बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते; पण हे टप्पे चुकल्यास तो मार्ग सहसा बंद होतो.

गैरसमज ५ : कर्जदार वारला की देणे संपले, किंवा ते मुलांनी फेडलेच पाहिजे.
वस्तुस्थिती : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मृताचे देणे त्याच्या मालमत्तेतून वसूल करता येते. वारसांची जबाबदारी मात्र त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते.

‘आपल्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे’ हा संकोच स्वाभाविक असला, तरी सही केलेला चार ओळींचा कागद अविश्वासाची खूण नसून पुढील वाद टाळण्याचे साधन आहे. तो पैसे देतानाच करावा. तेव्हा राहून गेला असेल, तर निदान तिसरे वर्ष उलटण्यापूर्वी लेखी कबुली घ्यावी किंवा वकिलाचा सल्ला घेऊन दावा दाखल करावा.